‘पूर येणारच नाही’ म्हणून विकलेला ओव्हरफ्लो-संप संच: पैसे देण्याआधी हे तपासा

मत्स्यालयासाठी ओव्हरफ्लो बॉक्स (टाकीतलं जादा पाणी खाली सोडणारा डबा), संप (टाकीखालची, कप्पे केलेली दुसरी टाकी), रिटर्न पंप (ते पाणी परत वर चढवणारा) आणि ऑटो टॉप-ऑफ (बाष्पीभवनाने घटलेलं पाणी कॅनमधल्या गोड्या पाण्याने आपोआप भरणारं यंत्र) असा तयार संच ‘वीज गेली तरी थेंब सांडणार नाही’ या हमीवर विकला जातो. हाच संच मला विकला गेला आणि पाणी खोलीभर झालं. हमी देणाऱ्याला आतली मापं ठाऊक होती, म्हणून याला फसवणूकच म्हणायचं.

विक्रेत्याच्या व्हिडिओत मेन स्विच बंद होतो, संपमधलं पाणी जरा चढून थांबतं आणि व्हिडिओ तिथेच संपतो. सगळी मेख तिथे आहे. काठावर अडकवायच्या बॉक्सचा खरा धोका वीज परत आल्यावर असतो. पाणी काठावरून पलीकडे नेणाऱ्या यू-ट्यूबच्या, म्हणजे इंग्रजी U आकाराच्या उलट्या नळीच्या, वरच्या वळणात हवेचे बुडबुडे साठत जातात. प्रवाह मंद असेल तर आणखी लवकर. पुरेशी हवा साठली की सायफन, म्हणजे नळीतून आपोआप खाली ओढली जाणारी पाण्याची धार, तुटतो, खाली येणारं पाणी थांबतं आणि पंप मात्र वर पाणी फेकत राहतो. तो बंद करून परत चालू करण्याचा भाग व्हिडिओत कुठेही नाही. तिथेच संशय यायला हवा होता, हे आता सगळे ऐकवतात. पण विचारल्यावर ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आहे ना’ असं ठाम उत्तर मिळत होतं, आणि पत्रकावर कप्प्यांची मापंच नव्हती. मापांशिवाय हिशोब करायचा कसा?

तो हिशोब आता मांडतो. टाकी १२० × ४५ सेंमी, म्हणजे पातळीतला प्रत्येक सेंटिमीटर ५.४ लिटरचा. संचातल्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली ५ सेंमी. वीज गेली की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि २७ लिटर खाली येतं. संप ६० × ३५ सेंमी, उंची ३५, चालू असताना पाणी २६ सेंमीपर्यंत. उरलेल्या ९ सेंमीत मावतं १८.९ लिटर. म्हणजे ८.१ लिटर जमिनीवर, पाइपातलं आणि बॉक्समधलं पाणी वेगळंच. हे सगळं एका नॉन-रिटर्न व्हॉल्वच्या भरवशावर! त्याच्या झडपेवर क्षार बसतो, शेवाळ धरतं, गोगलगाय अडकते. झडप केसभर उघडी राहिली तरी पाणी उतरतंच. त्यावर विसंबू नका. रिटर्नचं तोंड पाण्याखाली फार तर १ ते २ सेंमी ठेवा, पातळीच्या लगेच खाली पाइपला ६ मिमीचं भोक पाडा आणि ते भोक नियमित साफ करा, कारण तेही बुजतं.

उलट बाजूचा हिशोब त्याहून वाईट. पंपाचा कप्पा २५ × ३५ सेंमी. सायफन तुटला तर २६ सेंमीपासून ४ सेंमीपर्यंतचं १९.२५ लिटर पाणी वर जातं. वरच्या टाकीत काठापर्यंत जागा २.५ सेंमी, म्हणजे १३.५ लिटर. फरक ५.७५ लिटर. आणि इथे ऑटो टॉप-ऑफ घात करतो: कप्प्यातली पातळी उतरली की त्याला बाष्पीभवन झालंय असं वाटतं आणि तो राखीव कॅनमधलं पाणी ओतत राहतो. कॅन २० लिटरचा असेल तर तेही सगळं जमिनीवर. समुद्री टाकी असेल तर क्षारताही कोसळते. पंप उंचावर ठेवून १२ सेंमीला हवा ओढू लागेल असं केलं तर वर जाणारं पाणी १२.२५ लिटरच राहतं, म्हणजे टाकीत मावतं. विक्रेत्याला फक्त एक स्टँड द्यायचा होता.

टॉप-ऑफला एका फ्लोट स्विचवर (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच) सोडू नका. दुसरा स्विच वर लावा, टायमरची मर्यादा घाला, कॅन लहान ठेवा. नळीचं टोक पाण्याबाहेर हवं, नाहीतर तीही सायफन होते.

तक्रारीचं काय झालं? विक्रेता म्हणाला, जोडणी तुमची. उत्पादक म्हणाला, विक्रेत्याला विचारा. खरेदीच्या संकेतस्थळाने परताव्याची मुदत दाखवली. ग्राहक तक्रार कक्षाने विचारलं, ‘पंप चालतो का? काच फुटली आहे का? मग दोष कोणता?’ मापांचा तक्ता पाठवला तर उत्तर आलं की तांत्रिक बाबी आमच्या कक्षेत नाहीत. मग कुणाच्या कक्षेत? विमावाल्यांच्या मते हे पाणी नळफुटीत बसत नाही. लेखी हमी देऊन पूर आणणारी वस्तू विकायची आणि प्रत्येक खिडकीने पुढच्या खिडकीकडे बोट दाखवायचं, हे संतापजनक आहे.

टाकीला भोक पाडलेलं असेल तरी एकाच निचरा पाइपचा संच घेऊ नका. एक पूर्ण सायफन, गेट व्हॉल्वने नेमका बसवलेला; दुसरा कोरडा, आणीबाणीचा. आणीबाणीच्या पाइपवर व्हॉल्व असता कामा नये. तो एकटा पंपाचा पूर्ण प्रवाह पेलणारा हवा, कारण जाळीत पान किंवा गोगलगाय अडकणारच. टफन (उष्णतेने कणखर केलेल्या) काचेला भोक पाडू नका, ती फुटते. टँक कनेक्टरचा (भोकात पाइप बसवायच्या जोडाचा) रबर वॉशर कडेच्या, म्हणजे फ्लँजच्या बाजूला. वायरींना प्लगखाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.

मासे सोडण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी घ्या. वीज बंद करा, पाणी स्थिरावू द्या, सांडलं नाही तर परत चालू करून संपवर त्या पातळीची नव्हे तर पंप चालू असतानाच्या कमाल पातळीची रेघ मारा. मुख्य निचरा हाताने बंद करून आणीबाणीचा पाइप बघा. काठावरचा बॉक्स असेल तर यू-ट्यूबमध्ये मुद्दाम हवा सोडा आणि वरची टाकी कुठे थांबते ते पाहा. विक्रेता ही चाचणी समोर करून दाखवायला तयार नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका.