हेदोंग गुमदोचं सामान: काही महिने वापरल्यावर

दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये नोकरी करता करता हेदोंग गुमदो, म्हणजे कोरियन तलवारबाजीचा एक प्रकार, शिकतेय. सामान काय घ्यायचं, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ मिटवू. कोरियात नुसतं ‘गुमदो’ म्हटलं तर बहुधा केंदोचाच, म्हणजे जपानी तलवारबाजीचाच, कोरियन अवतार डोळ्यांसमोर येतो: चार पट्ट्यांची बांबूची तलवार, जाळीचा मुखवटा, छाती-कमरेचं चिलखत, जाड हातमोजे. तो खर्च मोठा. हेदोंग गुमदो वेगळं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ते उभं राहिलं. दोजांगवाले, म्हणजे हे शिकवणाऱ्या आखाड्यांतले लोक, मात्र वंशावळ थेट प्राचीन गोगुर्यो राज्याच्या योद्ध्यांपर्यंत नेऊन पोचवतात, चालायचंच. यात भर आहे ठरलेल्या क्रमाने एकट्याने वार करण्यावर आणि पुढे तलवारीने प्रत्यक्ष वस्तू कापण्यावर, त्यामुळे सुरुवातीला चिलखत लागत नाही. गणवेश, लाकडी तलवार आणि थोडं पुढे गेल्यावर धार नसलेली धातूची तलवार, एवढ्यात भागतं.

गणवेश म्हणजे दोबोक. जाड सुती दिसतो झकास, पण जूनअखेर जांगमा सुरू झाला, म्हणजे इथला पावसाळा, की रात्रभर टांगूनही वाळत नाही. सुती-पॉलिएस्टर मिश्रण घ्या. पायजमा घोट्याच्या वरच राहील असा कापून घ्या, नाहीतर खाली बसून वार करताना स्वतःच्याच पायाखाली येतो.

खरे पैसे आणि खरं लक्ष द्यायचं ते लाकडी तलवारीवर, म्हणजे मोक्कॉमवर. लांबी साधारण एक मीटर. रोजचा घाम हिच्यावरच गाळायचा असतो, आणि नेमकी हीच लोक डोळे मिटून सर्वात स्वस्त उचलतात. माझी ओकची आहे, तीसेक हजार वॉनला मिळाली. बाकदाल लाकडाच्याही असतात, त्या जास्त घट्ट आणि जड. जड घेतली की मनगट लवकर तयार होईल, ही समजूत नव्या मुलांमध्ये फार. होतं उलटंच: वार कमरेच्या उंचीला थांबवायचा असतो, तिथे टोक खाली झुकतं, मग खांदे ताठ करून ते सावरायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही. दुकानात डोक्यावरून सावकाश एक वार घ्या. टोक जागच्या जागी थांबलं, तर वजन तुमचं. मग तलवार डोळ्यापाशी धरून लाकडातल्या रेषा बघा: त्या मुठीपासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात, मध्येच कडेला निसटणाऱ्या नकोत. जोडीने सराव करताना लाकूड तिथेच फाटतं.

मुठीवरचं चकचकीत व्हार्निश घाम आला की निसरडं होतं. बारीक पॉलिशपेपरने ते मी काढून टाकलं आणि अधूनमधून जवसाचं तेल चोळते. आता पकड छान बसते.

धातूची बिनधारेची तलवार, कागॉम, मी नंतर घेतली. ती लाकडीहून बरीच महाग पडते. पात्यात लांब पन्हळ असलेलीच घ्या. पातं सरळ रेषेत उतरलं तर ती शीळ घालते. मनगट जरा तिरकं झालं की आवाज फाटतो, नाहीतर येतच नाही. आमचे साबमनिम, म्हणजे गुरुजी, पाठमोरे उभे असले तरी ‘पुन्हा’ म्हणतात, ते या आवाजावरूनच. मेणबत्तीची ज्योत पात्याच्या वाऱ्याने विझवायचा सरावही हिच्याने करता येतो.

तक्रार आहे ती म्यानाबद्दल. हिवाळ्यात ओंदोलने, म्हणजे तापवलेल्या जमिनीने, घरातली हवा कोरडी पडली तेव्हा म्यान इतकं घट्ट झालं की अंगठ्याने रेटूनही तलवार पटकन सुटेना. जांगमात तेच ढिलं पडलं, आणि वाकून नमस्कार करताना पातं चार बोटं बाहेर सरकलं. विक्रेत्याने ‘लाकूड आहे, असं व्हायचंच’ म्हणून हात झटकले. म्यानाच्या तोंडात आतून लाकडाची पातळ पट्टी चिकटवल्यावर काम झालं, पण एवढे पैसे मोजल्यावर हे आपणच करायचं का? मुठीतली बांबूची खुंटीही दर सरावाआधी बघा. तीच पात्याला मुठीत धरून असते. आणि या तलवारीने काहीही कापायला जाऊ नका, आपटाआपटी तर नकोच. मिश्रधातूचं पातं त्यासाठी केलेलं नसतं, तुकडा उडू शकतो.

धारेच्या तलवारीचा विचार सध्या सोडा. कोरियात 15 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या तलवारीला पोलिसांचा परवाना लागतो, आणि नवशिक्याला तिची गरजही नसते.

आपल्याकडचे मर्दानी खेळ ज्यांनी केलेत त्यांना सुरुवातीला इथली दोन हातांची पकड जड जाईल, कारण डावा हात ओढतो आणि उजवा दिशा देतो. त्यांनी तर मूठ लांब असलेलीच लाकडी तलवार घ्यावी, दोन मुठींमध्ये नीट अंतर राहतं. सुट्टीत घरी नेणार असाल तर लाकडी असली तरी केबिनमध्ये सोडत नाहीत, चेक-इनमध्येच द्या, आणि कापडी पिशवीपेक्षा कडक नळकांडं बरं.