आठ भूमिका, एक नट: ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स’ची ब्लू-रे

अ‍ॅलेक गिनेस (१९१४–२०००) जाहिरातींचा मजकूर लिहिता लिहिता रंगभूमीवर आला आणि १९३८ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात आधुनिक वेशातला हॅम्लेट झाला. पण चरित्रनट म्हणून त्याचा आवाका पाहायचा तर १९४९ चा हा चित्रपटच घ्यावा. ड्यूक, पाद्री, जनरल, ॲडमिरल, अगदी लेडी अगाथासुद्धा तोच!

चर्चमधल्या दृश्यात एकाच चौकटीत सहा गिनेस दिसतात. कॅमेरा जागेवर पक्का जखडायचा, फ्रेमचा एकच भाग उघडा ठेवून बाकीचा झाकायचा, शॉट घेऊन तीच फिल्म मागे फिरवायची, नवा मेकअप, पुन्हा शॉट. कॅमेरा केसभर हलला असता तरी जोड दिसले असते. म्हणून छायाचित्रकार डग्लस स्लोकोम रात्री स्टुडिओतच झोपायचा. ॲडमिरलचा ताठा आणि पाद्र्याची रटाळ बडबड शेजारीशेजारी बघावी, मान डोलवावीच लागते.

२०१९ ची ब्रिटिश ब्लू-रे ४के रिस्टोरेशनवरून, म्हणजे उच्च रिझोल्युशनमध्ये दुरुस्त केलेल्या प्रतीवरून काढलेली आहे. मात्र ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागांपुरत्या (रीजन) बांधलेल्या असतात: ही रीजन बी, भारत रीजन सी. मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर डिस्क चालणार नाही. आणि अमेरिकेत दाखवण्यासाठी बदललेला शेवट आधी पाहू नका, मूळ शेवटातली टांगती गंमतच जाते.