जुन्या आर८०आरटीला बॅटलॅक्स बीटी-४६: टायर बदलल्यावर काय सुटले आणि काय उरले

सरळ रस्त्यावर, मागे सामान बांधलेले असताना, ताशी ९० किलोमीटरच्या पुढे गेले की माझ्या गाडीचे तोंड हळूहळू डोलू लागायचे. वळणात शिरताना ती आधी क्षणभर अडून बसायची आणि मग एकदम आत कोसळल्यासारखी झुकायची. गाडी १९८७ सालची बीएमडब्ल्यू आर८०आरटी ही लांब प्रवासाची मोटरसायकल आहे, त्यामुळे हे वयाचेच लक्षण असणार अशी मी बराच काळ मनाची समजूत घालत आलो होतो. ब्रिजस्टोनच्या बॅटलॅक्स बीटी-४६ टायरांची जोडी बसवून साडेसहा हजार किलोमीटर झाल्यानंतर मात्र सांगता येते, की त्या तक्रारीचा मोठा भाग गाडीचा नव्हताच. आणि जो थोडा गाडीचा होता तो नव्या टायरांनी झाकून न ठेवता उघडा पाडला.

जुने टायर उतरवले तेव्हा त्यांच्यावरची नक्षी अजून पुरेशी खोल होती आणि याच गोष्टीने मला इतके दिवस फसवले. टूरिंग गाडीचे आयुष्य बहुतेक सरळ रस्त्यावर जाते, त्यामुळे मागच्या टायरचा मधला पट्टा झिजून सपाट होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कडा तयार होते. गाडी झुकवताना टायर त्या कडेवर येईपर्यंत हँडल जड लागते आणि कडा ओलांडली की गाडी एकदम पडते. पुढच्या टायरवर अंगठा एका दिशेने फिरवला तर तो गुळगुळीत लागत होता, उलट दिशेने फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड बोटाला अडत होती. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का ‘२३१४’ असा होता, म्हणजे टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या वर्षांत रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड सर्वांत आधी जाते.

निवड करताना मला सर्वांत मोठा मोह रुंद टायरचा झाला. मागे १२० मिलिमीटर रुंदीऐवजी १३० चा घातला की गाडी भरदार दिसते हे खरे. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा अधिक टोकदार होतो आणि टायर ज्या आकारात चालण्यासाठी बनवला त्या आकारात राहत नाही. स्विंगआर्मशी, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याशी असलेले अंतर कमी होते ते निराळेच. म्हणून पुढे ९०/९०-१८ आणि मागे १२०/९०-१८ ही मूळची मापेच ठेवली आणि बांधणीही मूळची, म्हणजे बायस प्लायचीच, जिच्यात टायरच्या आतले धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात. एका चाकाला रेडियल (ज्यात ते धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात) आणि दुसऱ्याला बायस हा प्रयोग तर कोणीच करू नये. मापाच्या पुढे छापलेल्या भार निर्देशांकाकडे, म्हणजे टायर जास्तीत जास्त किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याकडे, फारसे कोणी पाहत नाही, परंतु मागे सहप्रवासी आणि दोन भरलेल्या साइडबॅगा नेणाऱ्याने तो आधी पाहावा: ५१ म्हणजे १९५ किलो, ६५ म्हणजे २९० किलो. टायरची वेगमर्यादा सांगणाऱ्या अक्षरांत एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर आणि व्ही म्हणजे २४०. माझ्या गाडीला एचसुद्धा पुरून उरतो.

बीटी-४६ हा जुन्या बीटी-४५ चा उत्तराधिकारी असून त्याच्या मागच्या टायरच्या रबरात सिलिका वापरले आहे, ते मुख्यतः ओल्या रस्त्यासाठी. पहिले दीडशे किलोमीटर नव्या टायरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत मी जपून चालवली. त्यानंतर जाणवलेला फरक पकडीचा कमी आणि झुकण्याच्या लयीचा अधिक होता. हँडलला जेवढा दाब द्यावा तेवढीच गाडी झुकते, आणि वळणाच्या मध्यावर रस्ता थोडा अधिक वळला तरी तेवढाच दाब वाढवून भागते. पावसात ब्रेक लावताना पुढचे चाक काय करते आहे हे हातांना कळते. जुन्या टायरांवर तो अंदाजाचा खेळ होता. आधुनिक रेडियलसारखा घट्टपणा यात शोधू नये, पण तो या फ्रेमला सोसणाराही नाही. मागचा टायर किती टिकेल यावर साडेसहा हजार किलोमीटरमध्ये मत देणे घाईचे होईल.

बसवण्याच्या कामाबद्दल एक तक्रार आहे. ज्या कार्यशाळेत टायर बदलले तिथे पुढचा टायर त्याच्यावरच्या फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या उलट दिशेने चढवला होता आणि ते घरी आल्यावर माझ्या लक्षात आले. चाक परत काढून आणायला दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस गेला. पैसे देण्याआधी बाण पाहून घ्यावा.

डोलणे बरेच कमी झाले, पण पूर्ण गेले नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी ठेवले आणि हँडल दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, तेव्हा ते बरोबर मध्यावर, हलक्या खाचेत बसावे तसे थबकत होते. स्टीअरिंगच्या बेअरिंगमध्ये वर्षानुवर्षांच्या सरळ प्रवासाने खळगे पडले होते. ते बदलून, चाक ना ढिले हलेल ना अडेल इतके कसून घेतले. फोर्कमधले, म्हणजे पुढचे चाक धरून धक्के शोषणाऱ्या नळ्यांमधले, तेल बदलताना राखाडी, पाण्यासारखे पातळ बाहेर आले. मागचा शॉकॲब्सॉर्बर तर सामान लादूनही एकट्या स्वारासाठीच्या जागेवरच ठेवलेला होता. त्यामुळे गाडीचे मागचे अंग बसायचे, तोंड हलके व्हायचे आणि ती वळणात बाहेर पळायची. स्प्रिंगचा ताण वाढवायला एक मिनिटही लागले नाही, आणि एवढ्या सोप्या गोष्टीकडे मी इतकी वर्षे पाहिले नाही याची थोडी लाज वाटली. हवा आता प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासतो आणि सामान असेल तेव्हा पुस्तिकेतला भारासाठीचा वरचा आकडा भरतो.

एवढे केल्यावर डोलणे फक्त एकाच वेळी परत येते: मागच्या वरच्या पेटीत हत्यारे आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या की. ती पेटी मागच्या आसाच्याही मागे लटकते. आता हत्यारे टाकीवरच्या पिशवीत जातात आणि पेटीत फक्त रेनकोट राहतो.