कलर रीडर आणि जीपचा युद्धकाळातला रंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी विलीज जीप मूळ रूपात आणायला घेतलेल्यांसाठी लिहितोय. मुठीत मावणारा कलर रीडर हिवाळ्यापासून वापरतोय. पत्र्यावर टेकवून बटण दाबलं की रंगाचे एल, ए, बी असे तीन आकडे मोबाइलवर येतात. वस्तू चांगली आहे, जरूर घ्या. मात्र ती रंग मोजते, शोधून देत नाही.

शोधायचं काम पॉलिश पेपरचं. भारतात राहिलेल्या जीपांवर इतक्या वर्षांत रंगाचे एवढे हात चढलेत की वरचा हिरवा काहीच सांगत नाही. डॅशबोर्डवर हजार नंबरचा पेपर पाणी लावून हलक्या हाताने गोल फिरवा. थरांची वर्तुळं उघडतात: चकचकीत हिरवा, रेड ऑक्साइड, कुठे लांबी (पुट्टी), आणि तळाशी तपकिरीकडे झुकणारा मूळ ऑलिव्ह. तो दिसला तेव्हा अंगावर काटा आला! ग्लोव्ह बॉक्सवरची डेटा प्लेट कधी निघाली नसेल, तर तिच्यामागे हाच थर अख्खा सापडतो.

पण लगेच मोजू नका. तेलाच्या बाइंडरचा (रंगाची पूड धरून ठेवणारं तेल) जुना रंग अंधारात पिवळा पडतो. काही दिवस उजेड दाखवला की ते पिवळेपण बरंचसं उतरतं, मग आकडे घ्या. उन्हातल्या पत्र्यावर उलटं होतं: पांढुरकी भुकटी सुटते आणि रीडिंग फिकं येतं.

मिक्सिंगवाल्याकडे बरेच जण एफएस 34087 मागतात, म्हणजे एफएस 595 या अमेरिकी सरकारी रंगयादीतला एक ऑलिव्ह. हे मला अजिबात पटत नाही. एफएस 595 आलं 1956 मध्ये, युद्ध संपलं 1945 मध्ये. तेव्हाचा रंग ऑलिव्ह ड्रॅब नंबर 9: मॅट, मुख्यतः काळा आणि पिवळा ओकर मिसळून केलेला, म्हणून आज रंगवतात तितका हिरवा नाहीच. आपल्या थराचे आकडे मिक्सिंगवाल्याला द्या, नमुन्याचा पत्रा सुकू द्या, पुन्हा मोजा. डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, दोनच्या आत आला की पुरे. विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. सगळ्यांची छटा तंतोतंत एक असणं शक्यच नव्हतं.

तक्रारी दोन. ॲप आजच्या शेडकार्डातलं जवळचं नाव सुचवत राहतं, तिकडे बघू नका. आणि गोलाईवर रीडर नीट बसत नाही, बाजूने उजेड शिरतो; सपाट जागाच निवडा.

जीप फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली असेल तर इंजिन वेगळं तपासा. फोर्डची इंजिनं राखाडी असत.