फेल-टू-बॅन: लॉगवर डोळा ठेवणारा राखणदार

फोंड्याजवळच्या एका देवस्थानच्या भक्तनिवासाची बुकिंगची साइट मी सांभाळते. एनजिनएक्स या वेब-सर्व्हरवर चालणारं वर्डप्रेस, भाड्याचा लहानसा सर्व्हर. खोल्यांसाठी झुंबड उडते ती चवथ आणि जत्रेला, पण लॉगिनवर पासवर्ड ठोकून पाहणारे बॉट बारा महिने येतात. त्यांना रोखायला फेल-टू-बॅन (Fail2ban) हे सॉफ्टवेअर लावलं आणि मी त्यावर बेहद्द खूश आहे.

फुकट मिळतं, पायथनमध्ये लिहिलेलं आहे. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचायचा, रेग्युलर एक्स्प्रेशनशी (मजकूर ओळखायच्या पॅटर्नशी) जुळणाऱ्या ओळी मोजायच्या आणि एखादा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मर्यादेबाहेर गेला की त्याला फायरवॉलमध्ये अडवायचं. मूळ सेटिंग १० मिनिटांत ५ चुका, १० मिनिटं बंदी. बॉटना एवढ्याने काही होत नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्यांसाठी ‘रेसिडिव्ह’ जेल (बंदीच्या नियमांचा एक संच) चालू करा, ते आठवडाभर बाहेर ठेवतं.

एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय, तिच्यासाठीचा तयार फिल्टर (पॅटर्नची फाइल) उत्तम. वर्डप्रेससाठी मात्र पॅटर्न स्वतः लिहा. पासवर्ड चुकला तरी वर्डप्रेस २०० (‘ठीक’) हा उत्तराचा कोड देतं, बरोबर असला तर ३०२ (दुसऱ्या पानावर पाठवणं). त्यामुळे ४०१ (‘प्रवेश नाही’) शोधणाऱ्या पॅटर्नला काहीच सापडत नाही. लॉगिनच्या पानावर ‘पोस्ट’ (फॉर्म पाठवल्याची खूण) आणि पुढे २००, अशी ओळ पकडायची.

माझ्या मते याची खरी किंमत आहे सोबत येणाऱ्या फेल-टू-बॅन-रेजेक्स या चाचणीच्या कमांडमध्ये. तिला आपला लॉग आणि फिल्टर द्या. किती ओळी जुळल्या, किती सुटल्या ते सांगते, सुटलेल्या ओळी छापूनही दाखवते. कुणावर बंदी येत नाही. पॅटर्न ओळीच्या सुरुवातीलाच, कॅरेट (^, ओळीच्या सुरुवातीची खूण) आणि लगेच होस्ट (आयपीची जागा) असा बांधून घ्या. ब्राउझरचं नाव, रेफरर (कुठल्या पानावरून आला ते) हा मजकूर समोरचा पाठवतो. पॅटर्न सैल असला तर त्यात दुसऱ्याचा आयपी घुसवून तो निरपराध माणसालाच बाहेर काढू शकतो.

देवस्थानचं अख्खं ऑफिस एकाच आयपीवरून बाहेर पडतं, म्हणून तो ‘इग्नोअर-आयपी’त (न अडवायच्या आयपींच्या यादीत) आधीच घातलाय. मोबाइलवर तर एका आयपीमागे कितीतरी भाविक असतात, तेव्हा लॉगिनची मर्यादा मी १० ठेवते.

साइटपुढे सीडीएन (पाहुणा आणि सर्व्हर यांच्यामध्ये राहून पानं पोचवणारं सर्व्हरचं जाळं) असेल, तर लॉगमध्ये पाहुण्याचा खरा आयपी उतरतोय का ते आधी तपासा. नाहीतर मोजणी सीडीएनच्याच आयपीची होत राहील.