कुंडलिकेतील राफ्टिंग: मुळशीच्या पाण्यावरची सफर

डिसेंबरमधील एका रविवारी आम्ही चौघांनी कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग केले. सुमारे 12 किलोमीटरचा प्रवाह, सहा-सात जणांची रबरी राफ्ट आणि मागे बसून दिशा सांभाळणारा गाइड, असे या सफरीचे स्वरूप असते.

सुरक्षेच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे गाइडने स्वतः ओढून पाहिले आणि वल्ही मारण्याच्या सूचना काठावरच दोनदा घोटवून घेतल्या. नाराजी आहे ती वेळेबद्दल. आम्हाला आठ वाजता बोलावून साडेनऊपर्यंत काठावर बसवले गेले आणि विचारणा केली की ‘अजून पाणी सुटलेले नाही’ एवढेच उत्तर मिळत होते.

वास्तविक या उत्तरातच कुंडलिकेचे वेगळेपण आहे. सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या असतात. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या पात्रात बहुतांशी दगडगोटेच उरतात. कुंडलिकेला मात्र घाटमाथ्यापलीकडून पाणी मिळते. मुळा नदीवरील मुळशी धरणाचे पाणी सुमारे 500 मीटर खाली भिरा येथील टाटांच्या वीजकेंद्रात आणले जाते आणि वीजनिर्मितीनंतर ते या खोऱ्यात येते. हे केंद्र 1927 पासून चालू आहे. एरवी भीमा आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे गेले असते ते पाणी इथे रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत आणि पुढे अरबी समुद्रात जाते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मावळातील शेतकऱ्यांसह 1921 मध्ये सत्याग्रह सुरू केला, तेच हे धरण. आमच्या गाइडला प्रत्येक खळाळाचे टोपणनाव पाठ होते. यातील एक वाक्य जरी त्याने सांगितले असते, तरी तो दीड तास सत्कारणी लागला असता.

प्रत्यक्ष सफर उत्तम झाली. सुरुवातीच्या टप्प्यात खडकांमधून पाणी वेगाने घुसते आणि राफ्ट गरकन वळते; पुढे उतार कमी होतो, डोह लागतात आणि मागे वळून पाहिले की घाटाची काळी भिंत अखंड दिसते. शांत पाण्यात उतरू देतात, तेव्हा गारठा सोसण्याची तयारी हवी. जेवण साधे आणि गरम होते. त्याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पुण्याहून जाणाऱ्यांनी ताम्हिणी घाटातून, विळे आणि सुतारवाडीमार्गे जावे. मुळशीचा जलाशय वाटेतच लागतो. तिथे पाच मिनिटे थांबावे आणि मगच घाट उतरावा.