गॉगल पुसायचा नाही, धुवायचा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

धायरी ते हडपसर, रोज स्कूटर. आधीचा गॉगल चार महिन्यांत अंधुक झाला तेव्हा मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. गुन्हेगार निघाला माझा स्कार्फ. तोंडाला गुंडाळलेल्या त्या स्कार्फमध्ये दिवसभराची धूळ बसलेली, आणि दर सिग्नलला मी त्याच्याच टोकाने काच पुसायचे. धुळीतली बारीक वाळू प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी टणक असते, त्यामुळे कोरडं पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. तोंडाने 'हाऽ' करून पुसलं तरी तेच. तेवढ्या वाफेने वाळू सुटत नाही. चऱ्यांचं ते जाळं एरवी जाणवत नाही, संध्याकाळी ऊन समोरून आलं की सगळा रस्ता धुरकट.

आताचा पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारा, 1800 रुपयांचा, नोव्हेंबरात घेतलेला. काच म्हणायची, पण आहे पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक मजबूत प्लॅस्टिक. दोनदा हातातून पडला, फुटला नाही. चरे मात्र याच्यावर चटकन पडतात.

म्हणून घरी आल्यावर आधी नळाखाली धरते. धूळ वाहून गेली की भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर घेऊन काचा, नोजपॅड, बिजागऱ्या हलक्या हाताने चोळते. पाणी साधं, कडकडीत गरम नाही. मग मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्यायचं. वडी अजिबात नको, तिच्यात घासायची पूड असते. सासूबाई एकदा "दे, लख्ख करून देते" म्हणत वडी आणि तारेची घासणी घेऊन बसल्या होत्या. मी अंघोळ अर्धी टाकून धावले.

फडकंही धुवावं लागतं हे मला दोन महिने सुचलंच नाही. पुसल्यावर तेलकट पट्टे उमटायचे आणि मी काचेला शिव्या घालायचे. आता ते साध्या साबणाने धुते, कपडे मऊ करायचं लिक्विड न घालता, कारण त्याचाच थर काचेवर उतरतो.

सनस्क्रीन आणि घामाने नोजपॅड पिवळे पडले. सहाव्या महिन्यात बदलले, साठ रुपयांत काम झालं. दिवेआगरहून आल्यावर गोड्या पाण्याने लगेच धुतला, नाहीतर सुकलेलं मीठही खरखरीतच.

नवऱ्याने असाच दुसरा घेतला होता. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला आणि काचेच्या कडेला बुडबुडे आले. आतली पोलराइज्ड फिल्म सुटली. दुकानात बदलून मिळाला नाही, "उन्हात ठेवलात" म्हणाले. राग आला, पण खोटं नव्हतं.

तक्रारी दोनच. फोन आडवा धरला की पडदा काळा दिसतो. पहिल्या दिवशी मला फोनच गेला असं वाटलं होतं. पोलराइज्ड काचेचा तो गुणच आहे, मान कलवली की दिसतं. आणि सोबतचा डबा एवढा मोठा की पर्समध्ये डब्यानंतर फक्त किल्ल्याच मावतात. तरी सोडत नाही, कारण सुटा टाकला की त्याच किल्ल्या काचेला लागतात.

उजव्या काचेवर एकच चरा आहे. जानेवारीत स्वारगेटच्या सिग्नलला, उशीर झालेला, हात सवयीने स्कार्फकडे गेला होता.